डोंबिवली स्टेशनचं गणित आणि वाढत जाणारा ॲरे

समजा, तुम्ही डोंबिवलीत फास्ट लोकलची वाट बघत उभे आहात आणि गाडी दहा मिनिटं लेट आहे. (फार कल्पना करावी लागणार नाही.) रील्स बंद करा, कॅल्क्युलेटर उघडा. ११ चा वर्ग करा, १२१ येईल. १११ चा करा, १२३२१. ११११ चा केलात की १२३४३२१. असं करत नऊ एकांपर्यंत पोचलात तर उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे ब्रिजचा जिना एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरल्यासारखं. दहा एक घेतले की मात्र हातचे मध्ये घुसतात आणि जिना मोडतो.

या संख्यांना गणितात नाव आहे, वंडरफुल डेम्लो नंबर्स. हे डेम्लो कोण? कोणी जर्मन प्रोफेसर वगैरे नाही. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून ३० मैलांवरचं एक स्टेशन. ३० मैल म्हणजे ४८ किलोमीटर. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवलीच, असं सांगितलं जातं, आणि अंतर तर बरोबर जुळतं. या स्टेशनवर एका माणसाला अशा संख्यांची कल्पना सुचली आणि त्याने त्यांना स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. त्या माणसाचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

तुम्ही बीएससी आयटीला किंवा इंजिनीअरिंगला असाल तर कापरेकर तुम्हाला वेगळ्या वाटेने भेटले असतील. सी लँग्वेजच्या प्रॅक्टिकलमध्ये ‘कापरेकर नंबर आहे का ते तपासा’ असा एक प्रोग्रॅम अधूनमधून येतो. आपण तो पाठ करतो, मार्क घेतो, विसरतो. हा माणूस ठाण्यात शिकला हे कुणी सांगत नाही. आणि सीमधला एक नेहमी अडणारा भाग, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणारा ॲरे, त्याच्या संख्यांवरून किती सहज कळतो हेही कुणी सांगत नाही. मी मास कम्युनिकेशनची, त्यामुळे सी माझ्या सिलॅबसमध्ये कधीच नव्हतं. पण कापरेकरांच्या मागे लागल्यावर तिथपर्यंत जावंच लागलं.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. डहाणू आज पालघर जिल्ह्यात असलं तरी २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यातच होतं, तेव्हा माणूस तसा आपल्या जिल्ह्याचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवू, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड लागतेच. मुलाने वडिलांकडून नेमकी तेवढीच गोष्ट उचलली. ग्रह सोडले, आकडे धरले. माध्यमिक शाळा ठाण्यात झाली आणि त्या वयातच गणिती कोड्यांचं वेड लागलं, ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

१९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं. (परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं बक्षीस ही साधी गोष्ट नव्हती.) १९२९ मध्ये बीएससी झाले. यापुढे आपल्या डोक्यात स्टोरी आपोआप तयार होते, स्कॉलरशिप, परदेश, पीएचडी. तसं काही झालं नाही. त्याच वर्षी ते देवळालीत शाळामास्तर झाले. कल्याणहून कसारा घाट चढून नाशिकच्या अलीकडे लागतं ते देवळाली. १९६२ मध्ये ५८ व्या वर्षी रिटायर होईपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. पोस्टग्रॅज्युएशनही केलं नाही.

या सगळ्या वर्षांत ते संख्यांशी खेळत होते. ‘खेळत’ हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण भारतातल्या अनेक मोठ्या गणितज्ञांना तो खरोखरच पोरखेळ वाटायचा. ते त्यांच्या कल्पनांना हसायचे. मोठ्या जर्नल्सची दारं फारशी उघडली नाहीत, मग कापरेकर स्वतःच पुस्तिका छापायचे, गणिताच्या परिषदांना जायचे, कॉलेजांनी बोलावलं की तिथे बोलायचे.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी आपला सगळ्यात प्रसिद्ध खेळ मांडला. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे लावा, मग उलटे लावा, आणि मोठ्यातून लहान वजा करा. येईल त्या उत्तराचं पुन्हा तेच करा. आपण त्यांचंच जन्मवर्ष घेऊ. ९५१० वजा ०१५९, ९३५१. ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. पुढे ३९९६, मग ६२६४, मग ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ ला तेच करा, पुन्हा ६१७४ च येतं. गाडी तिथून हलत नाही. कुठूनही निघा, ६१७४ लाच पोचता, आणि जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. १९०५ ला बरोबर सात लागतात. ठाण्याला पहिली रेल्वे आली ते १८५३ साल घेऊन बघा, पाचच पायऱ्या लागतील. मध्ये उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरायचं, एवढंच लक्षात ठेवा.

आता सीकडे येऊ. या प्रवासातली सगळी स्टेशनं साठवून ठेवायची आहेत. ॲरे केवढा घ्याल? सुरुवातीची संख्या आणि सात पायऱ्या, आठ घरं. बास. कापरेकरांनी कमाल मर्यादा आधीच सांगून ठेवलीय, त्यामुळे आठ घरांचा साधा ॲरे आयुष्यभर पुरेल. इथे मॅलॉकबिलॉक काढून शायनिंग मारण्याची काही गरज नाही.

पण त्यांचाच दुसरा खेळ घ्या. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १५ घेतली तर १५ अधिक १ अधिक ५, म्हणजे २१. इथे १५ ही २१ ची जन्मदाती झाली. १ पासून निघालात तर १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९, ६२ अशी माळ होते आणि ती कधीच संपत नाही. कापरेकरांनी विचारलेला प्रश्न मात्र उलटा होता. अशी संख्या आहे का, जिला जन्मदातीच नाही? आहे ना. २० बघा. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाही. अशा संख्यांना त्यांनी सेल्फ नंबर म्हटलं. आपण स्वयंभू म्हणू. आणि डोंबिवलीचं ऋण आधी फेडलं होतं तसं इथे आपल्या गावाचं फेडलं, या संख्यांचं दुसरं नाव देवळाली नंबर्स.

प्रोग्रॅम असा लिहायचा आहे, की युजर एक मर्यादा देईल आणि तिथपर्यंतचे सगळे स्वयंभू नंबर आपण एका ॲरेत जमवू. आता सांगा, ॲरे केवढा? दहापर्यंत पाच आहेत, १, ३, ५, ७, ९. शंभरपर्यंत तेरा. दहा लाखांपर्यंत किती? आधी माहीत नाही. माहीत करून घेण्यासाठीच तर प्रोग्रॅम लिहितोय.

इथे आपण काय करतो ते मला माहितेय. १०० टाकतो आणि पुढे जातो. सीमधला ॲरे म्हणजे लोकलचं बाकडं. मेमरीत एकाला एक चिकटून असलेल्या जागा, आणि बाकडं किती जणांचं ते आधीच ठरलेलं. लोकलमध्ये आपण चौथ्या सीटवर अर्धे बाहेर लटकून बसतो आणि कुणी काही म्हणत नाही. सीसुद्धा काही म्हणत नाही! १०० घरांच्या ॲरेत तुम्ही एकशेएकावी किंमत टाका, कंपायलर बहुतेक वेळा गप्प बसेल. पण ती जागा तुमची नसते. तिथे तुमचाच दुसरा एखादा व्हेरिएबल असेल तर त्याची किंमत गुपचूप बदलते, किंवा प्रोग्रॅम मध्येच कोसळतो, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे उत्तर बरोबर येतं आणि व्हायवाच्या दिवशी चुकतं.

दुसरा उपाय, सरळ दहा लाखांचा ॲरे घेऊन ठेवणं. फंक्शनच्या आत घेतलात तर चार बाइटच्या इंटप्रमाणे ४० लाख बाइट लागले. विंडोजवर स्टॅकला सहसा साधारण १ एमबीच मिळते. म्हणजे प्रोग्रॅम पहिल्या ओळीआधीच गार.

मग खरा उपाय काय, तर गरज लागेल तसा वाढवायचा. यासाठी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, ॲरेची सुरुवात जिथे आहे तो पॉइंटर, आत्ता किती भरलेत तो आकडा, आणि एकूण जागा किती आहे तो आकडा. शेवटच्या दोन्हींना एकच समजलात की गोंधळ झालाच. तिघांना एका स्ट्रक्चरमध्ये बांधून टाकलं तर बरं. सुरुवातीला मॅलॉकने थोडी जागा घ्या, म्हणजे समजा चार इंटची. मॅलॉकला घरं मोजता येत नाहीत, बाइट लागतात, म्हणून चार गुणिले इंटचा साइझऑफ. नवी संख्या टाकण्याआधी दर वेळी बघा, भरलेले आणि एकूण सारखे झालेत का? झाले असतील तर रीॲलॉकने मोठी जागा मागा आणि मगच टाका.

रीॲलॉक काय करतं, तर शेजारची जागा मोकळी असेल तर बाकडं तिथेच लांब करतं. नसेल तर दुसऱ्या डब्यात मोठं बाकडं शोधतं, सगळ्यांना क्रमाने उचलून तिकडे बसवतं आणि तुम्हाला नवा पत्ता देतं. जुना पत्ता त्या क्षणी मेला. म्हणून आधीच्या ॲरेतल्या एखाद्या घराचा पॉइंटर तुम्ही कुठे जपून ठेवला असेल तर तो वापरू नका. कितवं घर तो नंबर जपा, तो बदलत नाही.

आणि जागा मिळालीच नाही तर रीॲलॉक नल देतं, पण जुना ॲरे तसाच शाबूत असतो. आता तुम्ही उत्तर थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेतलं असेल तर त्यात नल जाऊन बसला. जुना डेटा मेमरीत आहे, पण त्याचा पत्ता हरवला. म्हणून आधी एका तात्पुरत्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही ना ते बघा, मगच जुन्यात टाका. ही दोन ओळींची काळजी नेटवरच्या कितीतरी ‘सॉल्व्हड प्रोग्रॅम’मध्ये सापडत नाही.

वाढवायचं किती? एकेक घर वाढवलं तर चालेल ना? चालेल, पण हिशोब करून बघा. हजार संख्या भरायच्या आणि दर वेळी सगळं बिऱ्हाड हलवावं लागलं, तर १ अधिक २ अधिक ३ करत ९९९ पर्यंत, एकूण ४,९९,५०० वेळा सामान उचललंत. त्याऐवजी एका घराने सुरुवात करून भरलं की दुप्पट, भरलं की दुप्पट केलंत तर १, २, ४ असं ५१२ पर्यंत, एकूण १,०२३ हलवाहलवी. पाच लाख कुठे आणि हजार कुठे! काही घरं रिकामी राहतील, तेवढी किंमत द्यायची. काम झालं की फ्री करायचं, आणि एकदाच करायचं.

उरलेला प्रोग्रॅम सोपा आहे. मर्यादेएवढ्या खुणांचा एक ॲरे कॅलॉकने घ्या, तो शून्यांनी भरूनच मिळतो. हा वाढवावा लागणार नाही, कारण मर्यादा युजरने दिलीच आहे. शून्याचं घरही असतं, म्हणून मर्यादेपेक्षा एक जास्त घ्या. मग १ पासून प्रत्येक संख्येत तिचे अंक मिळवा आणि जी संख्या येईल तिच्यावर खूण करा. ती मर्यादेच्या बाहेर तर जात नाही ना, ते आधी बघा, नाहीतर पुन्हा चौथी सीट. शेवटी ज्यांच्यावर खूण नाही त्या आपल्या वाढत्या ॲरेत टाकत चला. एकाच प्रोग्रॅममध्ये एक ॲरे मोजून घेतलेला आणि एक वाढणारा, आणि कुठला कधी घ्यायचा हे ठरवणारा नियम कापरेकरांच्या प्रश्नातच आहे. आधी किती ते माहीत आहे की नाही, एवढंच बघायचं.

खुणेऐवजी मोजणी ठेवलीत तर अजून एक गंमत दिसेल. १०१ वर दोनदा खूण होते. ९१ अधिक ९ अधिक १ म्हणजे १०१, आणि १०० अधिक १ सुद्धा १०१. दोन मार्ग येऊन मिळतात अशा संख्येला कापरेकरांनी जंक्शन नंबर म्हटलं. कल्याणहून येणाऱ्यांना यापेक्षा जास्त समजवायची गरज नाही. तीन मार्ग मिळणारी सगळ्यात लहान संख्या मात्र थेट १४ अंकी आहे, १ आणि शेवटच्या १ च्या मध्ये बारा शून्यं. ती इंटमध्ये मावत नाही, लाँग लाँग लागेल. (तुमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सीची निळी स्क्रीन असेल तर इंट ३२,७६७ लाच संपतं, तेव्हा जपून.)

ही सगळी आकडेमोड कापरेकरांनी कागदावर केली. देवळाली नंबर्सवरची पुस्तिका त्यांनी १९६३ मध्ये स्वखर्चाने छापली, म्हणजे रिटायर झाल्यावर पुढच्याच वर्षी. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना, तेव्हा साठी ओलांडलेल्या या माणसाने गणित आणि सायन्सच्या शिकवण्या घेऊन घर चालवलं. मला त्यांच्या आयुष्यात हा भाग सगळ्यात जास्त टोचतो. ज्यांचं नाव पुढे जगभरच्या पुस्तकांत गेलं, ते तेव्हा महिन्याच्या खर्चासाठी ट्यूशनची पोरं शोधत होते. संख्या मात्र सोडल्या नाहीत.

१९७२ च्या सुमाराला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची सी लँग्वेज तयार करत होते. कापरेकर तेव्हा ६७ वर्षांचे. तीनच वर्षांनी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. गार्डनरांचं सदर म्हणजे तेव्हाच्या गणितवेड्यांचं सगळ्यात मोठं व्यासपीठ. वयाच्या सत्तरीत देवळालीचे मास्तर जगाला माहीत झाले. ज्यांना हसू यायचं त्यांचं पुढे काय झालं कोण जाणे, पण जंक्शन नंबर्सवर याच दशकात नवा शोधनिबंध आलाय आणि त्याच्या नावातच कापरेकर आहेत. तो लिहिणाऱ्यांत संख्यामालिकांचा प्रसिद्ध ऑनलाइन कोश सुरू करणारे नील स्लोन आहेत.

कापरेकर १९८६ मध्ये देवळालीत गेले. तेही वर्ष त्यांच्याच खेळात घालून बघा. ९८६१ वजा १६८९, ८१७२. १९०५ च्या वाटेवरचं दुसरं स्टेशन! तिथून पुढचा रस्ता तोच, आणि एकूण सहा पायऱ्यांत ६१७४.

तुमचा स्वयंभू नंबरांचा प्रोग्रॅम लिहून झाला की आधी मर्यादा १०० देऊन चालवा. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ असे तेरा यायला हवेत. सुरुवात चार घरांनी केली असेल तर तोपर्यंत रीॲलॉक दोनदा झालेला असेल, चाराचे आठ आणि आठाचे सोळा. हे जुळलं की मग दहा लाख टाका.